पुण्याच्या वेशीवरची गावं आणि 'पिवळा पट्टा': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिवळा पट्टा म्हणजे आराखड्याच्या नकाशातला निवासी विभाग. त्याबद्दल वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे, भूगाव, आंबेगाव, उंड्री अशा गावांतून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत वडिलोपार्जित शेतीचे मालक आहेत, फ्लॅटचं टोकन देऊन बसलेले आहेत, आणि दोन गुंठे घेऊन मग विचारायला आलेलेही आहेत. कायदा महाराष्ट्रभर एकच असला तरी उदाहरणं पुण्याची आहेत. एखाद्या प्रश्नाचा दुसरा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. विकास आराखडा म्हणजे नक्की काय? प्रादेशिक आराखडा, डीपी, टीपी हे सगळं एकच का?

नाही. तिन्ही गोष्टी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधल्याच आहेत, पण त्यांची कामं वेगळी. प्रादेशिक आराखडा मोठ्या टापूचा आणि ढोबळ असतो: शेती कुठे राहील, वस्ती कुठे वाढेल, मोठे रस्ते कुठून जातील. पुण्याचा प्रादेशिक आराखडा १९९७ मध्ये मंजूर झाला. विकास आराखडा, म्हणजे डीपी, गटागटापर्यंत उतरतो. त्यात झोन असतात (कोणती जागा कशासाठी वापरायची ते विभाग), आतले रस्ते असतात, शाळा-बाग-दवाखान्याची आरक्षणं असतात. साधारण वीस वर्षांची गरज धरून तो केला जातो. टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, त्याहून लहान भागाची, आणि तीच खऱ्या अर्थाने जमिनीच्या हद्दी बदलते. तिच्याबद्दल प्रश्न १० पाहा.

२. नकाशात आमचा गट पिवळा दिसतो. म्हणजे आता घर बांधायला मोकळीक?

पिवळा रंग एवढंच सांगतो की या जागेचा निवासी वापर आराखड्याला मान्य आहे. जमीन तुमची आहे का, तिला रस्ता आहे का, पाणी येईल का, यातलं काहीही तो सांगत नाही. बांधकामाआधी बिगरशेतीची रक्कम भरावी लागते, मोजणी लागते, मंजूर नकाशा लागतो. निवासी झोनमध्ये असलेल्या जमिनीला वापरबदलाची वेगळी परवानगी काढत बसावं लागू नये म्हणून जमीन महसूल संहितेत ४२-अ, ४२-ब, ४२-क अशी कलमं घातली गेली. फेऱ्या कमी झाल्या. पण 'झोन पिवळा म्हणजे आपोआप एनए (बिगरशेती)' हे एजंट मंडळींनी केलेलं सोयीचं भाषांतर आहे. आकार भरल्याची पावती हातात नसेल तर सातबारावर ती जमीन अजून शेतीच आहे, आणि बँक कर्ज देताना नेमकं तेच बघते.

३. आमचा गट कोणत्या झोनमध्ये आहे ते खात्रीने कसं कळेल?

नियोजन प्राधिकरणाकडून, म्हणजे तुमच्या गावाचा आराखडा ज्या संस्थेकडे आहे तिच्याकडून, झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. अर्जासोबत सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडा. मोबाइलवर फिरणाऱ्या रंगीत पीडीएफवर व्यवहार करू नका. ती पाहून प्राथमिक अंदाज येतो, बाकी काही नाही.

दाखल्यात 'भागशः' हा शब्द आला तर तिथे थांबा आणि थेट प्रश्न १६ वाचा.

४. मग आमच्या गावाला सध्या कोणता आराखडा लागू आहे? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

गोंधळ खराच आहे, आणि तो लोकांनी केलेला नाही.

पुणे महापालिकेत १९९७ मध्ये ३८ गावं आली. २००१ मध्ये त्यातली १५ वगळली आणि २३ उरली. बाणेर, बालेवाडी, खराडी, धानोरी ही त्यातली. पुढे २०१७ मध्ये ११ गावं घेतली आणि ३० जून २०२१ ला आणखी २३. त्यामुळे कुणी 'तेवीस गावांचा डीपी' म्हणालं की आधी विचारायचं, कोणती तेवीस? जुनी की नवी? या एका आकड्याने अनेकांची कागदपत्रं चुकीच्या टेबलावर गेली आहेत. शिवाय फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०२४ मध्ये महापालिकेतून बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली गेली.

महापालिकेच्या हद्दीबाहेर पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आहे. ती २०१५ मध्ये स्थापन झाली. तिचा प्रारूप आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हजारोंनी हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो प्रारूपच रद्द करायचं ठरवलं. त्यामुळे त्या प्रारूपात तुमचा गट पिवळा झाला होता म्हणून कुणी भाव वाढवून सांगत असेल, तर त्या पिवळ्याला आज आधार नाही. तिथे १९९७ चा प्रादेशिक आराखडा आणि त्यात वेळोवेळी मंजूर झालेले फेरबदल बघायचे.

२०२१ मध्ये आलेल्या २३ गावांचं नियोजन तेव्हा सरकारने महापालिकेऐवजी पीएमआरडीएकडे दिलं होतं. गाव एका संस्थेत आणि आराखडा दुसऱ्या संस्थेकडे अशी ही रचना. म्हणून अर्ज करण्याआधी 'आजच्या तारखेला या गावाचं नियोजन प्राधिकरण कोण?' हे लेखी विचारून घ्या.

५. किती जमीन निवासी करायची हे ठरवतात कसं? पुढाऱ्यांच्या जमिनी बघून?

संशय समजतो, पण पद्धत आहे. पुढच्या वीस वर्षांत लोकसंख्या किती होईल याचा अंदाज बांधतात. दर हेक्टरी किती माणसं राहतील ते धरतात. त्यातून निवासी क्षेत्र, आणि त्या माणसांसाठी लागणाऱ्या शाळा, दवाखाने, मैदानं, स्मशानभूमी यांची गरज निघते. त्याआधी विद्यमान जमीन वापर नकाशा करावा लागतो, म्हणजे आज जागेवर खरोखर काय आहे त्याची नोंद.

अडचण पहिल्याच पायरीवर येते. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १०.१ लाख होती. २०११ मध्ये ती १७.३ लाख झाली. दहा वर्षांत ७० टक्क्यांच्या वर वाढ. अशा ठिकाणी सरळ रेषेत अंदाज बांधणारा चुकणारच. त्यात २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजचे आराखडे २०११ च्या आकड्यांवर टेकलेले आहेत.

दुसरी अडचण राजकीय आहे, आणि ती फक्त पुढाऱ्यांची नाही. गावातला जवळपास प्रत्येक जमीनमालक आपला गट पिवळा व्हावा म्हणून हरकत घालतो. शेती विभागात राहू द्या असा अर्ज क्वचितच येतो. दबावाखाली निवासी पट्टा गरजेपेक्षा सैल सोडला की वस्ती ठिगळांनी पसरते: इथे एक टॉवर, मग अर्धा किलोमीटर ऊस, मग दुसरा टॉवर. प्रत्येक ठिगळापर्यंत रस्ता, जलवाहिनी आणि ड्रेनेज न्यायचं, आणि मधल्या रिकाम्या जमिनीतून काहीच कर मिळत नाही. आमच्या मते उपनगरांच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ इथे आहे. कमी जमीन निवासी केली, पण केलेल्या जमिनीला आधी रस्ते दिले, तर मालकांनाही अखेर जास्तच मिळतं. गावच्या सभेत हे पटवणं कठीण आहे.

६. झोन निवासी, इमारत मंजूर, भोगवटा पत्रही मिळालं. तरी टँकर का घ्यावा लागतो?

सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच.

आराखड्यात पाण्याच्या टाकीसाठी जागा राखली जाते. टाकीत येणारं पाणी आराखडा ठरवत नाही. ते जलसंपदा विभागाच्या कोट्यातून येतं. पुण्याचा मुख्य आधार म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही साखळी. तिची एकूण क्षमता २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, आणि त्याच पाण्यावर दौंड-इंदापूरकडची शेतीही आहे. शहराची हद्द एका अधिसूचनेने वाढते. कोटा तसा वाढत नाही.

हद्दीवरच्या गावांत इमारतींना परवानगी देताना विकासकाकडून हमीपत्र घेण्याची पद्धत पडली: महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी पुरवीन. कागदावर प्रश्न सुटला. सोसायटी हस्तांतरित झाली की तो खर्च कुणाचा, यावर भांडणं सुरू होतात. काही सोसायट्यांत देखभाल शुल्काचा मोठा वाटा टँकरवर जातो. २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीच्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि तिथल्या नव्या बांधकामांवर काही काळ बंधनं आली. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस (गुलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा समाविष्ट गावांना मिळणारं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता थेट विहिरीतून येतं, ही गोष्ट सगळ्या शहराला कळली. तिथल्या रहिवाशांना ती आधीपासून माहीत होती.

फ्लॅट घेताना पाण्याच्या हमीपत्राची प्रत मागा. 'पाणी आहे का?' या तोंडी प्रश्नाला 'आहे' हेच उत्तर मिळतं. हमीपत्रात मुदत किती, सोसायटी झाल्यावर जबाबदारी कुणाची, ते वाचा. गावात साठवण टाकी बांधून झाली आहे का, की तिच्या जागेवर अजून आरक्षणाची नुसती रेघ आहे, हे स्वतः जाऊन पाहा. शेजारच्या सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला मे महिन्यात दिवसाला किती टँकर येतात ते विचारा. त्याचं उत्तर माहितीपत्रकापेक्षा भरवशाचं असतं.

७. प्रारूप आराखड्यात आमच्या जमिनीवरून रस्ता गेला आहे. काय करता येईल?

मुदतीत लेखी हरकत. मुदत सूचनेतच छापलेली असते आणि ती सगळीकडे सारखी नसते. पीएमआरडीएच्या २०२१ च्या प्रारूपाला सुरुवातीला ३० दिवस दिले होते, पिंपरी-चिंचवडच्या २०२५ च्या प्रारूपाला ६० दिवस. हरकतीची पोच घ्या आणि जपून ठेवा. पुढे सुनावणीचं पत्र त्याच क्रमांकावर येतं.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. महापालिकेच्या बाबतीत तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समितीच्या अहवालानंतर प्राधिकरण बदल करतं आणि आराखडा शासनाकडे जातो. शासन मंजूर करताना पुन्हा बदल करू शकतं, आणि बदल मोठ्या स्वरूपाचे असतील तर त्यांवर पुन्हा हरकती मागवल्या जातात. म्हणजे दार एकदाच उघडतं असं नाही. पण पहिल्या वेळी हरकत नसेल तर पुढे बाजू मांडणं अवघड जातं.

८. हरकत कशी लिहायची? गावाने छापील नमुना दिला आहे, त्यावर सही करू का?

करा, पण तेवढ्यावर थांबू नका. एकाच मजकुराच्या हजार हरकतींची सुनावणी एकत्र होते, आणि तुमच्या गटाचं काय हा मुद्दा त्यात बुडतो. स्वतःची वेगळी हरकत द्या.

सर्वात बळकट मुद्दा म्हणजे विद्यमान जमीन वापर नकाशातली चूक. तुमचं घर, विहीर किंवा मंजूर इमारत त्या नकाशात आलीच नसेल आणि जागा मोकळी समजून रस्ता आखला असेल, तर फोटो, घरपट्टीची पावती, वीजबिल आणि मोजणी नकाशा जोडून ते दाखवा. समितीला नाही म्हणणं जड जातं. दुसरा चांगला मुद्दा पर्यायाचा: हाच रस्ता शेजारच्या शिवरस्त्यावरून नेला तर कमी जमीन जाते, आणि हा घ्या नकाशा. 'आमची आधीच कमी जमीन आहे' हे खरं असलं तरी समिती ते दर पाच मिनिटांनी ऐकते.

मागणी एका वाक्यात आणि नेमकी लिहा. 'अन्याय दूर करावा' यावर अधिकाऱ्याला काही करता येत नाही. 'गट अमुकमधून जाणारा १८ मीटर रस्ता उत्तरेकडील बांधाला सरकवावा' यावर करता येतं.

९. आरक्षण पडलं. जमीन गेलीच म्हणायची का? मोबदला काय मिळतो?

आरक्षण पडल्या दिवशी मालकी जात नाही. सातबारावर नाव तुमचंच राहतं. आरक्षणाच्या हेतूला अडथळा येईल असं बांधकाम मात्र करता येत नाही. ताबा घेताना कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे वाटाघाटीने रक्कम, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण), नाहीतर भूसंपादन असे मार्ग आहेत. प्राधिकरणांचा ओढा टीडीआरकडे असतो, कारण त्यांच्या तिजोरीतून काही जात नाही. टीडीआरला बाजारभाव असतो आणि तो खाली-वर होतो, हे लक्षात घेऊन निवड करा. काही आरक्षणांत मालकाने जागेच्या ठरावीक भागावर सुविधा बांधून द्यायची आणि उरलेला भाग स्वतः विकसित करायचा, अशी सोयही असते. मोठ्या गटाला ती परवडते.

१०. टीपी स्कीम येणार म्हणतात. निम्मी जमीन फुकट जाणार का?

जमीन कमी होते हे खरं. 'फुकट' हा शब्द बरोबर नाही.

वेड्यावाकड्या गटांची एकत्र मांडणी करतात. त्यातून रस्ते, बागा आणि सार्वजनिक जागा काढतात, आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या अंतिम भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत देतात. म्हाळुंगे-माण इथे पीएमआरडीएने अशीच योजना हाती घेतली. अशा योजनांत मालकाकडे साधारण निम्म्याच्या आसपास जमीन परत येते. मूळ भूखंडाची किंमत, अंतिम भूखंडाची किंमत, भरपाई आणि विकासाचा वाटा यांचा हिशेब लवाद करतो. त्याच्यापुढे हजर राहणं टाळू नका. पुणेकरांना हे नवीन वाटतं, पण डेक्कन आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या जुन्या पत्त्यांत 'फायनल प्लॉट नंबर' असतो, तो याच पद्धतीचा. शिवाजीनगरचे सरळ रस्ते टीपी स्कीममधून आले.

आरक्षण पडलं तर ज्याच्या गटावर बाग आली तो एकटा भरडला जातो आणि शेजारी टॉवर बांधतो. टीपीत तोटा सगळ्यांत वाटला जातो. म्हणून वाढत्या उपनगराला आम्ही डीपीपेक्षा टीपी बरी मानतो. अट एकच: योजना वेळेत पुरी झाली पाहिजे. वर्षानुवर्षं लटकलेली टीपी म्हणजे ना शेती ना प्लॉट.

मगरपट्टा सिटीचं उदाहरण बरेच जण देतात. ती टीपी स्कीम नव्हती. तिथे सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांच्या वर जमीन एकत्र करून स्वतःच कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात हिस्सेदार राहिली. ते करायला गावात तेवढा विश्वास लागतो.

११. आरक्षण पडून पंधरा वर्षं झाली. कुणी फिरकलं नाही. आता जमीन सुटली ना?

आपोआप नाही. कलम १२७ नीट वाचा. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षं व्हायला हवीत. प्रारूपाच्या तारखेपासून मोजू नका, बरेच जण तिथेच चुकतात. त्यानंतर मालकी किंवा हितसंबंधाच्या पुराव्यांसह प्राधिकरणाला खरेदी सूचना, म्हणजे 'ही जमीन विकत घ्या' अशी लेखी नोटीस, बजावायची. ती मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. २०१५ च्या दुरुस्तीआधी ही मुदत १२ महिने होती, त्यामुळे जुने लेख वाचून हिशेब करू नका. मग शेजारच्या जमिनीला जो वापर मान्य आहे तो तुम्हाला मिळतो, आणि तशी अधिसूचना राजपत्रात यावी लागते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, तीस वर्षांहून जास्त काळ न घेतलेली जमीन आरक्षणात अडकवून ठेवता येणार नाही असं बजावलं. तरी सूचना तुम्हालाच द्यावी लागते.

१२. शेजाऱ्याला बारा मजले मिळाले, आम्हाला चारच. झोन तर एकच आहे!

रस्त्याची रुंदी बघा. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही ठरावीक भाग सोडून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. पुण्यासारख्या मोठ्या महापालिकांत मूळ एफएसआय १.१ आहे. भूखंड ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर असेल तर तेवढ्यावरच भागवायचं. ९ ते १२ मीटरच्या रस्त्यावर शुल्काचा एफएसआय आणि टीडीआर धरून २ पर्यंत जाता येतं, आणि ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर ३ पर्यंत. त्यावर शुल्क भरून मिळणारा पूरक एफएसआय वेगळा.

नकाशात रस्ता २४ मीटरचा आणि जागेवर बैलगाडीची वाट, अशी परिस्थिती असेल तर तो रस्ता कधी होणार हाच खरा प्रश्न आहे.

१३. ग्रीन झोनमध्ये (शेती विभागात) दोन गुंठे स्वस्तात मिळतायत. घ्यावेत का?

नको.

कारण तुकडेबंदी. २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. त्याहून लहान तुकडा शेतजमीन म्हणून स्वतंत्र विकता येत नाही. म्हणून मग दहा-पंधरा अनोळखी लोकांच्या नावे एकच सामाईक खरेदीखत करतात. सातबारावर सगळे सहहिस्सेदार, कुणाचा कोपरा कोणता हे फक्त एजंटच्या हाताने काढलेल्या नकाशात. त्यातला एक जण कोर्टात गेला की बाकीचे अडकतात.

ज्यांनी आधीच घेतले आहेत त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली गुंठेवारी अधिनियम, २००१ ची (गुंठेवारी म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यांत पाडलेले प्लॉट). त्याची मर्यादा २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीपर्यंत आणली. दुसरी वाट: २०२५ मध्ये सरकारने तुकडेबंदीचं उल्लंघन करून झालेले १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे व्यवहार, निवासी किंवा अन्य बिगरशेती वापर ठरलेल्या क्षेत्रांत, शुल्क न घेता नियमित करण्याचा मार्ग काढला. 'निवासी वापर ठरलेल्या' हे शब्द दोनदा वाचा. शेती विभागातल्या रानात पाडलेल्या प्लॉटला ही सवलत आपोआप लागू होत नाही. आणि नियमित झालेला व्यवहार म्हणजे मंजूर बांधकाम नव्हे.

१४. एजंट म्हणतो सहा महिन्यांत हा झोन पिवळा करून देतो.

झोनबदल करता येतो, पण एजंटला नाही. विकास आराखड्यात कलम ३७ आणि प्रादेशिक आराखड्यात कलम २० खाली प्रस्ताव जातो, सूचना निघते, हरकती येतात, आणि शेवटचा शब्द शासनाचा असतो. शासन नाही म्हणू शकतं. 'झोन बदलल्यावर उरलेले पैसे' असा करार कुणी देत असेल तर तो निदान प्रामाणिक. 'आत्ता पिवळ्याचा भाव द्या' म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

१५. आमची जमीन गावठाणाला लागून आहे पण झोन शेतीचा. आणि ग्रामपंचायत परवानगी द्यायला तयार आहे.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे, ठरलेली रक्कम भरल्यावर, निवासी वापरासाठी बिगरशेती झाल्याचं मानलं जातं. मात्र अंतर शेजारच्या गावाच्या हद्दीत शिरत असेल किंवा मध्ये नदी-नाल्यासारखा अडथळा असेल तर तो भाग धरत नाहीत. २०० मीटर पावलांनी मोजू नका. भूमी अभिलेखाची मोजणी घ्या.

ग्रामपंचायतीचा शिक्का हे दुसरं प्रकरण. पीएमआरडीएच्या क्षेत्रात गावठाणाबाहेरची बांधकाम परवानगी प्राधिकरणाची लागते. सरपंचांच्या सहीचा कागद आणि घरपट्टीची पावती यांवर पाच मजली इमारती उभ्या राहिल्या आणि विकल्याही गेल्या. घरपट्टी बेकायदा बांधकामालाही लागते. ती भरल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही.

१६. आमचा गट अर्धा पिवळा, अर्धा हिरवा आहे. मग नियम कोणता?

प्रत्येक भागाला त्याच्या झोनचा. भांडण होतं ते रेघ नेमकी कुठे यावरून. नकाशाचं प्रमाण १:४००० असेल तर कागदावरची एक मिलिमीटर जाड रेघ जमिनीवर चार मीटर होते. एवढ्यात एक अख्खी खोली मावते. म्हणून मोजणी नकाशावर झोनची हद्द आखून प्राधिकरणाकडून प्रमाणित करून घ्या, आणि खरेदीखतात 'निवासी विभागातील इतके क्षेत्र' असं स्पष्ट लिहा. पूर्ण गटाला पिवळ्याचा भाव देऊ नका.

१७. नदीकाठचा प्लॉट आहे, देखावा छान आहे. झोनही निवासी.

पूररेषा झोनच्या वर बसते. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या. नदी आणि निळ्या रेषेच्या मधे बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे जोतं उंच घेण्यासारख्या अटींवर मिळू शकतं. रेषा जलसंपदा विभाग ठरवतो.

टेकडीचंही तसंच. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम बसत नाही. जुन्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. ती गावं १९९७ मध्ये हद्दीत आली आणि या आरक्षणाचा निकाल लागायला २०१५ उजाडलं. मधल्या काळात पायथ्याशी जे व्हायचं ते होऊन गेलं.

१८. परवानगी घेऊन पाया भरला, आणि आता नव्या आराखड्यात तिथेच आरक्षण आलं. काम थांबवायचं का?

आधी मिळालेली वैध परवानगी नव्या प्रारूपाने आपोआप रद्द होत नाही. प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असते आणि ती मुदतवाढीने एकूण चार वर्षांपर्यंत नेता येते. मुदत संपू देऊ नका. ती संपली आणि मधे नवा आराखडा आला, तर नव्याने अर्ज करताना प्राधिकरण प्रारूप विचारात घेणारच, कारण कलम ४६ तसं सांगतं. प्राधिकरणाला परवानगी मागे घ्यायचीच असेल तर कलम ५१ आहे आणि त्यात झालेल्या खर्चाच्या भरपाईचा हक्क आहे. त्यामुळे बिलं ठेवा, आणि प्रारूपावर हरकतही घाला (प्रश्न ७ आणि ८).

१९. मी शेतकरी नाही आणि परदेशात राहतो. सातबाऱ्यावर शेती पण झोनमध्ये निवासी अशी जमीन घेता येईल का?

शेतकरी नसणं आणि परदेशात असणं, हे दोन अडथळे वेगळे आहेत.

बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर कूळ कायद्याच्या कलम ६३ चं बंधन आहे. पण महापालिका-नगरपालिका हद्दीतल्या, किंवा आराखड्यात निवासी वा अन्य बिगरशेती वापरासाठी ठेवलेल्या जमिनीसाठी त्या परवानगीतून सूट दिली आहे. म्हणून पुण्यात राहणारा बिगरशेतकरी अशी जमीन घेऊ शकतो. झोन दाखला खरेदीखताला जोडा.

अनिवासी भारतीयाला मात्र परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही, आणि राज्याची सूट केंद्राचा नियम बदलत नाही. आधी मालकाने जमीन बिगरशेती करावी, सातबारावर नोंद व्हावी, मग खरेदी, असा क्रम ठेवा. आईवडिलांकडून वारसाने आलेला हिस्सा ठेवता येतो. तो विकायचा असेल तर शेती असेपर्यंत भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावा लागतो, आणि कुलमुखत्यारपत्र भावाला दिलं असेल तर त्यात विक्रीचा अधिकार आहे की फक्त हरकती-सुनावणीला हजर राहण्याचा, हे तपासून घ्या.